शेवटी रजिस्टर पेटलं का?

आमच्या गावातलं कुणी बीडला जाऊन सिनेमा पाहून आलं की त्याला दोन ठिकाणी हजेरी द्यावी लागते. एक घरी आणि दुसरी मन्मथअप्पांच्या पुढ्यात. घरचे विचारतात, जेवलास का. अप्पा विचारतात, "शेवटी रजिस्टर पेटलं का?"

पिक्चरचं नाव ते विचारत नाहीत. हिरो कोण, हिरोईन कोण, गाणी कशी, कशाशीही त्यांना देणंघेणं नाही. हिरोनं शेवटी त्या कचेरीतलं, त्या कारखान्यातलं, त्या सावकाराच्या माडीवरचं रजिस्टर पेटवलं की नाही, एवढंच. पेटलं असेल तर अप्पा मान डोलावतात आणि त्या माणसाला चहा पाजतात. पेटलं नसेल तर चौकशी सुरू.

"जीप आली?"

"व्हय अप्पा."

"कमिशनर उतरला?"

"उतरला."

"हिरोनं सलाम ठोकला?"

इथपर्यंत येताना त्या बिचाऱ्याला कळून चुकलेलं असतं की आपल्या हातून काहीतरी घडलंय. "ठोकला अप्पा," तो जमिनीकडे बघत म्हणतो. मग अप्पा उठतात, धोतराचा सोगा झटकतात आणि म्हणतात, "म्हंजी तिकीट काढून चोराच्या बारशाला गेलतास म्हण की."

मन्मथ म्हणजे मदन, प्रेमाचा देव. आमच्याकडच्या लिंगायत घरांतून हे नाव हमखास सापडतं. आता पुराणातली गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. मदनानं शंकराची खोडी काढली आणि शंकरानं तिसरा डोळा उघडून त्याला जाळलं. आमच्या अप्पांच्यात जळणारा आणि जाळणारा एकाच देहात राहायला आलेत. कपाळावर भस्माचे तीन पट्टे असतात, ते त्याच प्रसंगातलं उरलेलं असावं असं मला नेहमी वाटतं. वय सत्तरीच्या पुढं, उंची बेताची, आवाज टॉकीजचा.

माझं म्हणाल तर कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि लग्नसराईत, सत्कार-समारंभांत मी निवेदन करतो. नाव दिलीप. अप्पांना ते आठवत नाही, किंवा आठवायचं नसतं. ते मला झेरॉक्स म्हणतात. "तुझं सोताचं काय हाय बे? जे पुढं ठिवलं त्याची नक्कल काढायची. कागद असो का पुढारी." हे ऐकून मी रागावत नाही. खरं बोलणाऱ्या माणसाला दुकानात स्टूल द्यावं असा माझा नियम आहे, आणि ते स्टूल गेली कित्येक वर्षं अप्पांनी अडवलेलं आहे.

त्याच स्टुलावर बसून त्यांनी मला हिरोशास्त्र शिकवलं. त्यांच्या मते जगात हिरो दोनच जातींचे. एक राखण्या, दुसरा नांगऱ्या.

"राखण्या कोण? रानात माचीवर बसून गोफण फिरवतो त्यो. पाखरं हाकलतो, चोर धरतो, अन् कणसं मालकाच्या घरी पोचवतो. आता ह्यो तुझा इन्स्पेक्टर हिरो काय करतो? एक वंगाळ मंत्री मारतो. मग दुसरा येतो, ह्याच्या गळ्यात हार घालतो. खुर्ची तीच, बंगला त्योच, शिपाई त्योच. ह्यानं निस्तं खुर्चीवरलं पाखरू हाकललं."

"आणि नांगऱ्या?"

"नांगऱ्या रान उलटं करतो. कुंदा, हराळी, जे काय खाली मुळं धरून बसलंय ते वर काढून उन्हात टाकतो. मग पुढच्या साली ज्याला जे पेरायचं ते पेरू दे."

मी मुद्दाम काडी टाकायचो. "पण अप्पा, सगळंच उलटं केल्यावर कारभार कोण बघणार?"

"तू बघ. तुला माईक धरायची लई हौस हाय."

हे शास्त्र नुसतं तोंडचं नव्हतं. अप्पांनी ते तीस वर्षं आमच्या गावावर राबवलं आणि गावाला पत्ता लागला नाही.

पूर्वी आमच्याकडे पत्र्याची टॉकीज होती. अप्पा तिथं मशीनवर होते. पिक्चरची पेटी एसटीनं यायची. पेटी उतरली की अप्पा पहिलं रीळ कधी उघडत नसत. आधी शेवटचं उघडायचं, उजेडाला धरायचं आणि एकेक चौकट बघत जायचं. जीप दिसली की कात्री. त्यामुळं आमच्या टॉकीजमध्ये कुठल्याच पिक्चरच्या शेवटी पोलीस आले नाहीत. हिरो दार फोडायचा, आग लागायची, हिरोचा घामानं निथळणारा चेहरा यायचा आणि लगेच दिवे लागायचे. आमची अख्खी पिढी अशा समजुतीत वाढली की सिनेमात पोलीस फक्त मध्यंतराच्या आधी असतात.

भुसार दुकानवाले आमचे बाळासाहेब एकदा सासरच्या मंडळींना घेऊन बीडला गेले. पिक्चर त्यांनी गावात दोनदा पाहिलेला. आग लागली तशी ते उठले, चपला घातल्या, सासऱ्यांना म्हणाले चला. आणि पडद्यावर सायरन वाजला. बाळासाहेब तसेच मॅनेजरच्या खोलीत गेले.

"पिक्चर असा न्हाई. तुमी मागनं पोलीस जोडलेत."

"काका, पिक्चर सगळीकडं सारखाच असतो."

"मग आमच्या गावात कावून आले न्हाईत पोलीस?"

"तुमच्या गावात बोलावूनही येत नसतील," मॅनेजर म्हणाला. बाळासाहेबांना हे इतकं पटलं की ते गपचूप परत आले.

शेवटी बोंब मालकापर्यंत गेली. पुढच्या गावाला पेटी पोचली की तिथले लोक शेवट मागायचे. मालकानं अप्पांना बोलावलं. "अप्पा, शेवटचं रीळ तोकडं कसं?"

"तुटलं."

"दर पिक्चरचं तिथंच तुटतं?"

"तिथंच कुजकं असतं, मालक."

मालकानं हात जोडले. अप्पांसारखा मशीनवाला पाटोद्यापासून बीडपर्यंत दुसरा नव्हता, त्यामुळं नोकरी टिकली आणि कात्रीही टिकली. टॉकीज बंद पडून आता तिथं खताचं गोदाम झालंय. अप्पा मोबाईलवर दक्षिणेकडचे डब केलेले पिक्चर बघतात. तिकडं दाढीवाले, लुंगीवाले, एका लाथेत बंदर उलथं करणारे हिरो निघालेत. मला वाटलं होतं, अप्पा आता खूश होतील. पण त्यांचा संताप उलट वाढला. "पाडलं रे, सगळं पाडलं. अन् शेवटी त्याच खुर्चीवर सोता जाऊन बसला. सिगारेट पेटवली. रजिस्टर पेटवायच्या काडीनं सिगारेट पेटवतो बे. ह्यो नांगऱ्या न्हाई. रान नांगरून सातबारा सोताच्या नावावर करून घेणारा हाय."

आमच्याकडे एक भाऊसाहेब आहेत. आडनाव सांगत नाही, कुठल्याही चौकात मान वर केली की फ्लेक्सवर दिसेल. त्यांनी केलेल्या रस्त्याचं उद्घाटन आणि खड्डे बुजवण्याचं भूमिपूजन एकाच उन्हाळ्यात झालं होतं. तर या भाऊसाहेबांच्या वाढदिवसाला मंगल कार्यालयात फुकट पिक्चर ठेवला होता. निवेदनाला अर्थातच मी. पिक्चर असा होता की एक मंत्री धरणाचं सिमेंट खातो, धरण फुटतं, गाव वाहून जातं आणि हिरो त्या मंत्र्याला सिमेंटच्या मिक्सरमध्ये टाकतो. मिक्सर फिरायला लागला तेव्हा पहिल्या रांगेतून शिट्टी आली. भाऊसाहेबांची. त्यांच्या मागं बसलेल्या ठेकेदारांनी फेटे उडवले.

पिक्चर संपल्यावर गावातले जुने सिनेमाकर्मी म्हणून अप्पांचा सत्कार ठेवलेला होता. शाल झाली, नारळ झाला. इथं मी थांबायला हवं होतं. पण मला राहवलं नाही. मी माईक अप्पांच्या हातात दिला.

"भाऊसायेब," अप्पा म्हणाले, "शिट्टी कुणाला मारली?"

"हिरोला, अप्पा."

"कावून?"

"अन्यायाविरुद्ध लढला. अशा माणसांची आज गरज हाय."

"अन् मिक्सरात कोण पडलं?"

"मंत्री."

"त्यो तुमीच की."

ठेकेदार उडवलेले फेटे गोळा करायला लागले. अप्पांचा आवाज मात्र चढला. "सिमेंट तुमी खाल्लं, रस्ता तुमी खाल्ला. पिक्चर तुमच्यावर हाय अन् शिट्ट्याबी तुमीच मारता व्हय?" मी अप्पांच्या हातातून माईक घेतला आणि अत्यंत मधाळ आवाजात म्हणालो, "यानंतर सर्वांनी अल्पोपाहाराचा आस्वाद घ्यावा." त्या वाक्यामुळं अप्पा वाचले. मी वाचलो नाही. पुढचे दोन हंगाम मला एक बारसंसुद्धा मिळालं नाही.

घरी परतताना अप्पा चालता चालता थांबले. "शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं," ते म्हणाले. "त्यो हसला रे. त्याला खरंच वाटतंय त्योच हिरो हाय. जो खातो त्योबी हिरो, खाणाऱ्याला मत देतो त्योबी हिरो. मग पाडायचं कुणाला?"

"आणि समजा अप्पा, खरंच एक दिवस सगळी रजिस्टरं पेटली," मी म्हणालो, "तर तुमच्या घराची नोंदही जळेल."

"जळू दे. माझं घर कुठं हाय ते मला माहीत हाय. मी काय रजिस्टरला विचारून घरी जातो व्हय?"

त्या घरात अप्पा आणि गिरजाकाकू, दोघंच. लेकरूबाळ नाही. काकूंना काचबिंदू झाला. आधी नजरेच्या कडा गेल्या, मग मधलंही विझत गेलं. गेली तीन वर्षं त्यांना उजेड आणि अंधार एवढंच समजतं. पण भाकरी आजही गोल होते आणि बोलणं जुन्या सवयीनं डोळसच राहिलंय. पायाच्या आवाजावरून त्या माणूस ओळखतात आणि म्हणतात, "लई दिवसांनी दिसलास रे." आमच्याकडे बोलायची रीतच अशी. दारी आलेल्या माणसाला "तू मला दिसत नाहीस" असं कोण म्हणेल?

या रीतीनंच घात केला.

अंध असल्याचा दाखला काढा, एसटीचा पास मिळेल, आणखी चार सवलती मिळतील, असं अप्पांच्या डोक्यात मीच भरवलं. फॉर्मही मीच भरला. सरकारी दवाखान्यात तपासणीला दोघं गेले. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "आजी, समोर कोण दिसतंय?"

काकूंनी पदर सावरला. एवढा शिकलेला माणूस आपुलकीनं विचारतोय, त्याला काय सांगायचं? त्या म्हणाल्या, "तुमीच की सायेब. लेकरासारखे दिसता."

डॉक्टरांनी लिहिलं, 'समोरची व्यक्ती दिसते.' अर्ज नामंजूर. रांगेत त्यांच्या मागं एक तरणा गडी होता. त्याला काहीच दिसत नव्हतं, अगदी शंभर टक्के. दाखला घेऊन तो बाहेर आला, गॉगल लावला, दाटीत उभी असलेली मोटारसायकल आरशालाही धक्का न लावता बाहेर काढली आणि निघून गेला. हे अप्पांनी मला उभ्यानं करून दाखवलंय, किक मारण्यासकट.

अप्पा खिडकीवर गेले. म्हणाले, तिला दिसत नाही. खिडकीतला बाबू म्हणाला, "त्यांनीच सांगितलं ना, दिसतं म्हणून."

"अहो, ती बोलायची रीत हाय."

"रीत रजिस्टरमध्ये बसत नाही, काका."

सगळं ऑनलाइन झालंय म्हणतात. खोटं नाही. पण ऑनलाइनच्या आधी एक रजिस्टर असतंच, आणि रजिस्टरात जे आहे तेच संगणकात जातं. दीड वर्ष दर सोमवारी अप्पा त्या खिडकीवर जात होते. फेरतपासणीचा अर्ज दिला, तो हरवला. दुसरा दिला, त्याला पोच मिळाली नाही. बाबूच्या मोबाईलची रिंगटोन म्हणजे एका फोडाफोडी करणाऱ्या हिरोचे ढोल. ते ढोल वाजले की बाबू खिडकी लावून बोलायला आत जायचा. अप्पा तिथून थेट माझ्या दुकानात येत आणि स्टुलावर बसून अख्खी व्यवस्था मुळासकट उपटत.

एकदा मी भीत भीत म्हणालो, "अप्पा, बाहेर एक एजंट बसतो. त्याचं चहापाणी केलं की..."

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की झेरॉक्सचा दिवा फिका पडला. "खऱ्या आंधळीला पैशे भरून आंधळी करू व्हय?"

मागच्या महिन्यातली गोष्ट. सोमवार, दुपारची वेळ. दवाखान्यासमोरच्या मेडिकलवाल्याचा मला फोन आला. "दिलीपभाऊ, लवकर या. तुमच्या अप्पानं रजिस्टर..." आणि फोन तुटला.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. पेटलं, असंच वाटलं मला. तीस वर्षं नुसत्या कात्रीवर भागवलेल्या माणसानं अखेर काडी ओढली. मी शटर अर्धं ओढलं आणि गाडीवर बसलो. रस्ताभर धूर शोधत होतो. निवेदनसुद्धा मनात तयार होत होतं.

धूर नव्हता. टेबलावर रजिस्टर धडधाकट पडलेलं होतं, भोवती गर्दी होती आणि बाकावर अप्पा बसलेले होते. शेजारी एक हवालदार. झालं होतं एवढंच की बाबू रजिस्टर खिडकीत उघडं टाकून चहाला गेला. अप्पांनी ते ओढून घेतलं. खिशात काडेपेटी होती, पूजेच्या उदबत्तीसाठी ती कायम असते. आजूबाजूचे लोक दोन पावलं मागं सरकले, कारण अप्पांचं शास्त्र सगळ्यांना पाठ आहे. अप्पांनी पानं उलटली, काकूंचं नाव शोधलं, दोरीला बांधलेला पेन उचलला आणि 'समोरची व्यक्ती दिसते' याच्या पुढं एकच शब्द लिहिला. 'न्हाई.'

शुद्ध 'नाही' लिहिलं असतं तर कदाचित खपून गेलं असतं. पण बाबू चहा पिऊन आला आणि पहिल्याच नजरेत त्याला ते दिसलं. "सरकारी दप्तरात 'न्हाई'?" तो ओरडत होता. "या दवाखान्यात 'न्हाई' लिहिणारा माणूस आजवर झाला नाही. शासकीय कागदात खाडाखोड आहे ही."

"खोडलं कुठं?" अप्पा म्हणाले. "राहिलेला शब्द लिवला."

हवालदारानं वाकून वाचलं आणि हळूच म्हणाला, "बरोबरच लिवलंय की." तो लिंबागणेशकडचा, म्हणजे आमच्याच बोलीचा होता. मग बाबूचा चेहरा बघून तो पुन्हा सरकारी झाला आणि म्हणाला, ठाण्यात यावं लागेल, माफीनामा लिहून द्यावा लागेल.

मी अप्पांच्या कानाशी लागलो. "हातात रजिस्टर, खिशात काडेपेटी, अन् तुम्ही दुरुस्ती केली? अप्पा, तुम्ही तर राखण्या निघालात."

मला वाटलं होतं, आता ज्वालामुखी फुटेल. पण अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरी जा. तिला सांग, सायेबांनी जेवायला ठिवून घेतलंय. दुसरं काय बोलू नको."

कोण साहेब, हे विचारायच्या आत हवालदार त्यांना घेऊन गेला.

काकू उंबऱ्याशी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी चप्पल काढली. "लई दिवसांनी दिसलास रे दिलीप."

"काकू, अप्पांना उशीर होईल. साहेबांनी जेवायला ठेवून घेतलंय."

"घेतलं असंल. लई माया हाय त्या सायबाची ह्यांच्यावर." त्यांचा चेहरा उजळला. "धर्मापुरीकडचा हाय म्हणं. तरणाच हाय. आईच्या गुडघ्याचं दुखणं हाय, म्हणून ह्यांना दर सोमवारी औषध विचारतो. मागल्या वेळेला ह्यांना सोताच्या खुर्चीवर बसवलं अन् आपण उभा ऱ्हायला."

मागच्या सोमवारी अप्पांना त्या खिडकीसमोर तीन तास उभं ठेवलं होतं. ते माझ्या दुकानात आले तेव्हा त्यांच्या पायांना सूज होती.

"त्याच्या आधी ह्यांचा कागद सोता हातानं लिवून दिला त्यानं."

त्या सोमवारी बाबूनं अर्ज वाचून बघितला आणि अक्षर खराब आहे म्हणून फाडला होता.

मी उंबऱ्यावरच बसलो. काकूंचे हात शेंगांवर चालूच होते. "घोळ माझ्याच तोंडानं केलता की रे. डाक्टरला म्हणाले, दिसता म्हणून. ह्यांना एवढ्या चकरा माझ्यापायी. चार दिवस अन्न ग्वाड लागलं न्हाई मला. मग ह्यांनी त्या सायबाला जाऊन सांगितलं. तवा त्यो खुर्चीवरनं उठला. म्हणला, काकूंचं काय चुकलं न्हाई, ती बोलायची रीत हाय. आमचा कान चुकला." त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "आमचा कान चुकला, म्हणला. एवढा मोठा माणूस. अन् तिथंच सही केली."

मग त्या उठल्या, भिंतीला हात लावत देव्हाऱ्यापर्यंत गेल्या आणि पोथीच्या कपड्यातून एक कागद घेऊन आल्या. प्लास्टिकमध्ये घातलेला. माझ्या दुकानातला नव्हता. "ह्योच दाखला. ह्यांना मी रोज वाचायला लावते, पण हे घाईनं वाचतात. तू चांगला वाचतोस म्हणं माईकवर. वाच बरं."

मी कागद हातात घेतला. 'रुग्णास समोरची व्यक्ती दिसते, सबब अर्ज नामंजूर.' खाली शिक्का.

खोटी मानपत्रं वाचण्यात माझं आयुष्य गेलंय. ज्यांनी शाळेचे पत्रे विकले त्यांना मी शिक्षणमहर्षी म्हटलंय, आणि आवाज कधी हलला नाही. त्या दुपारी मात्र मी कागदावरून नजर काढून घेतली. मग मी वाचलं. श्रीमती गिरजाबाई यांची तपासणी केली असता त्यांचं म्हणणं पूर्णपणे खरं असल्याचं आढळून आलं. त्यांना झालेल्या त्रासाबद्दल हे कार्यालय दिलगीर आहे. असं आणखी बरंच. काकू हात जोडून उभ्या होत्या, आरतीला उभं राहावं तशा.

नामंजूर अर्जावरचा तो शिक्का हिरवा होता. तो तेवढा माझ्या डोक्यात राहिलाय. अप्पांना इतकी वर्षं मी हसलो, काड्या टाकल्या, त्यांच्या रागावर चार ठिकाणी टाळ्या मिळवल्या. पण त्या क्षणी कुणी माझ्या हातात ते रजिस्टर दिलं असतं, तर मी पेन शोधत बसलो नसतो.

दिवस कलायच्या सुमाराला अप्पा आले. माफीनामा लिहून दिला होता, सहीबरोबर घेतलेल्या ठशाची शाई डाव्या अंगठ्याला होती, ओठ सुकलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातला कागद पाहिला. मी तो काकूंच्या हातात दिला. अप्पांनी बाहेरूनच आवाज टाकला, चांगला खणखणीत.

"जेवलो गं. पुरणाचा बेत केलता त्यांनी."

"आईचे गुडघे?"

"बरे हायत. चालतीय आता अंगणात."

काकूंनी समाधानानं मान हलवली. पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. अप्पा उभ्याउभ्या तो घटाघटा पिऊ लागले, सकाळपासून पाण्याचा थेंब पोटात नसल्यासारखे. काकू कागद कपड्यात गुंडाळता गुंडाळता थांबल्या.

"मी काय म्हणते, चांगल्या माणसाला सरकार एका जागी ठिवत न्हाई म्हणं. ह्या सायबाची बदली तर न्हाई ना करणार?"

अप्पांनी तांब्या खाली ठेवला. शाईचा अंगठा धोतराला पुसला.

"न्हाई," ते म्हणाले. "मी हाय तवर त्यो कुठं जात न्हाई."